डाव्या टाचेतलं बूच

थोरल्याच्या दुकानात बूट यायचे ते कुणीतरी घालून फिरलेले, आणि जायचे ते आजवर कुणाच्या पायाला शिवलेच नाहीत असे. एवढीच त्याची कला, पण ती त्याच्यासारखी दुसऱ्या कुणाला येत नव्हती. बोटांपाशी पडलेल्या सुरकुत्या तो वाफेने उठवायचा, पिवळे पडलेले तळ पांढरेशुभ्र करायचा आणि झिजलेली टाच घासून सपाट करून तिच्यावर पातळ रबराचे थर चढवायचा. त्याच्या बापाचंही हेच दुकान. बापाने जन्मभर बूट दुरुस्त केले, ते लोकांनी आणखी चार वर्षं घालावेत म्हणून. थोरला दुरुस्त करायचा, ते लोकांनी पुन्हा कधीच घालू नयेत म्हणून. बाप असता तर त्याने कपाळावर हात मारून घेतला असता.

पण काळच तसा आला होता, त्याला थोरला तरी काय करणार? पायातली वहाण पायातच बरी, असं सांगत ज्यांनी पोरं वाढवली त्यांच्याच दिवाणखान्यात आता खेळाचे बूट काचेच्या कपाटात दिवे लावून ठेवलेले असायचे. आधी हे खूळ कॉलेजातल्या मुलांपुरतं होतं. मग ते विमा विकणाऱ्यांना लागलं, शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना लागलं, आणि एका निवृत्त न्यायाधीशांना तर इतकं लागलं की ते नव्या जोडासाठी पहाटे घडीची खुर्ची घेऊन रांगेत बसायचे. रांगेत पुढे असलेल्याने जोड घ्यायचा आणि मागच्याला तिथल्या तिथे दामदुपटीने विकायचा, यात आता कुणाला काही गैर वाटत नव्हतं. थोरल्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे दातांचे डॉक्टर. ते सकाळी दात काढायचे आणि संध्याकाळी बूट विकायचे.

"धंदा एकच हो," ते म्हणायचे. "किडलेलं दिसता कामा नये."

थोरला हसायचा. मात्र एक गोष्ट तो कुणालाच सांगत नसे: त्याला रिकाम्या बुटांची भीती वाटायची. बुटांचा कारागीर आणि बुटांनाच घाबरतो, हे सांगायचं तरी कुणाला! पण फळीवर जोड मांडले आणि त्यांची टोकं आपल्याकडे असली, की त्याला वाटायचं इथे माणसं उभी आहेत, फक्त वरची दिसत नाहीत. म्हणून तो सगळ्या जोडांची तोंडं भिंतीकडे करून ठेवायचा. आणि कुठलाही बूट आला की सगळ्यात आधी आत हात घालून पावलाखालची गादी ओढून काढायचा आणि न बघता कचऱ्याच्या पिशवीत टाकायचा. नवी बसवायचीच असते, त्यामुळे गिऱ्हाइकाला त्याचं काही नव्हतं. पण त्या गादीवर पाच बोटं, टाच, पावलाची कड, सगळं उमटलेलं असतं. ती वाचता येणाऱ्याला माणूस किती चालला, कसा चालला, किती वर्षं चालला, हे सगळं कळतं. थोरल्याला ती वाचता यायची, म्हणूनच तो बघत नसे.

या भीतीचं मूळ घरात होतं. त्याचा धाकटा भाऊ अकरा वर्षांपूर्वी सकाळी बाहेर गेला तो गेलाच. चिठ्ठी नाही, भांडण नाही, काही नाही. थोरल्याने चौकीवर जोडे झिजवले, इस्पितळं पालथी घातली, ओळख नसलेल्या मेलेल्यांचे चेहरे पाहिले. आई तेव्हा भेटेल त्याला एकच म्हणायची, "आहे म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण एक काहीतरी म्हणा." कुणालाच काही म्हणता आलं नाही. पुढे काचबिंदूने तिची नजर गेली आणि हळूहळू तिने विचारणंही सोडलं. ती मागच्या खोलीत असायची. दुकान आणि खोली यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता. आई विसरली, असं थोरल्याने धरून चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे त्याला हायसं वाटलं होतं. एकाचं तरी ओझं उतरलं म्हणायचं.

एका मंगळवारी डॉक्टरांनी वीस जोड एकदम आणून टाकले. बूट जमवणारा कुणी एक म्हातारा वारला होता आणि त्याच्या मुलीने सगळं कपाटच विकायला काढलं होतं. "गुरुवारी संध्याकाळी हवेत," डॉक्टर म्हणाले, आणि त्यातला एक जोड हाताने वेगळा काढून दाखवला. तो पांढरा-निळा होता, घोट्याच्या वरपर्यंत येणारा. "ह्याला जरा जपा. असा जोड कंपनीने एकाच वर्षी काढला होता. तेव्हा कुणी विचारत नव्हतं, आता लोक जीव टाकतात."

तसला जोड धाकट्याकडे होता, हे थोरल्याला एका नजरेत कळलं. पण तसले हजारो निघाले होते. अकरा वर्षांत असे दोन-तीन त्याच्या हातून गेलेही होते, आणि प्रत्येक वेळी त्याने आत बघायचं टाळलं होतं. ह्याही वेळी टाळलं. आणि तो कामाला लागला.

वीस जोडांचं काम एकेक करून होत नाही, सगळ्यांचं मिळूनच करावं लागतं. मंगळवारी चाळीस गाद्या ओढून पिशवीत गेल्या. बुधवारी चाळीस टाचा मशीनवर घासून झाल्या आणि त्यांच्यावर रबर चढलं. गुरुवारी सकाळी कचऱ्याची गाडी आली तेव्हा त्याने पिशवीला गाठ मारून ती स्वतःच्या हाताने गाडीत टाकली. आता फक्त आकार धरायला आत लाकडी साचे घालायचे राहिले होते.

पांढऱ्या-निळ्या जोडाच्या उजव्या बुटात साचा सुळकन बसला. डाव्यात बसेना. टाचेकडून दोन बोटं वर राहिला. थोरल्याने साचा काढून पाहिला, पुन्हा घातला, पुन्हा वर राहिला. मग त्याने आत हात घातला. टाचेच्या जागी तळ उंच होता, वरून कापड शिवलेलं होतं, आणि टाक्यांच्या शेवटी दोन उलटे आणि एक आडवा टाका होता. टाका असा बंद करायची सवय त्याच्या बापाची होती आणि बापाकडून त्याला लागली होती. तिसरा कुणी असं करत नव्हता.

त्याने उसवून पाहायची गरज नव्हती, तरी उसवलं. आत बुचाचा उतरता तुकडा निघाला. त्यावर पेन्सिलने लिहिलं होतं, "डावा", त्याच्याच अक्षरात.

धाकट्याचा डावा पाय दोन बोटं आखूड होता. लहानपणापासून त्याला जाड तळाचा काळा, बोजड बूट घालावा लागे, आणि तो बूट त्याच्या आधी वर्गात शिरायचा. मोठा झाल्यावर एक दिवस तो हा पांढरा-निळा जोड घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, आतून काय करायचं ते कर, पण बाहेरून कळता कामा नये." थोरल्याने तीन दिवस खपून ते बूच कोरलं. धाकट्याने बूट चढवले आणि दुकानात या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चालून दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. थोरल्याला इतका आनंद झाला की त्याच्या जिभेला हाड राहिलं नाही.

"लंगड्याला कशाला रे पळायचे बूट?" तो सगळ्यांसमोर म्हणाला. "पळूनबिळून जाणार आहेस की काय?"

सगळे हसले. धाकटाही हसला. दुसऱ्या दिवशी तेच बूट घालून तो बाहेर पडला.

आता ते बूट थोरल्यासमोर होते. त्याला एकच गोष्ट दिसत होती. ती गादी. ती बघितली असती तर कळलं असतं, भाऊ ह्या बुटांत आठ दिवस चालला की आठ वर्षं. आठ दिवस असतील तर त्याचं लगेचच काहीतरी बरंवाईट झालं. वर्षं असतील तर तो जगला, कुठेतरी सरळ चालत जगला. टाचेनेही तेच सांगितलं असतं. गादी त्याने गाडीत टाकली होती आणि टाच इतकी सफाईने घासली होती की तिथे सांगायला काहीच उरलं नव्हतं. आई जे एक वाक्य मागत होती ते दोन दिवस त्याच्या हातात होतं, आणि त्याने ते स्वतः पुसलं. धावत जाऊन उपयोग नव्हता, तरी तो धावला. गाडी गल्लीत नव्हतीच.

परत येऊन त्याने डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी त्या मुलीला विचारलं. वडिलांनी हा जोड जुन्या बाजारातून आणला होता, एवढंच तिला माहीत होतं. कधी, कुणाकडून, ते नाही. वडिलांनी कुठलाच जोड कधी पायात घातला नाही, नुसता पुसून ठेवला. म्हणजे त्या बुटात जे काही उमटलं होतं ते फक्त धाकट्याचं.

"का हो, काही बिघडलं का कामात?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. काम उत्तम झालंय," थोरला म्हणाला. "ओळखू येत नाही. पण हा जोड मी देणार नाही, डॉक्टर. माझ्या भावाचा आहे."

 "ठेवा," डॉक्टर म्हणाले.

दुपार झाली होती. रस्त्यावर सामसूम होती. थोरल्याने बूच पुन्हा जागेवर ठेवलं, वर कापड ओढलं आणि का कोण जाणे, बूट स्वतःच्या पायात चढवले. दोघा भावांचं माप एकच होतं. चामडं कुठे ताणलंय, कुठे सैल झालंय, ते तरी पायाला कळेल, अशी वेडी आशा होती. उभा राहिला तर डावा पाय दोन बोटं वर. चालायला लागला तर एक पाऊल हलकं, एक जड, एक हलकं, एक जड. ज्या बुचाने धाकट्याचं लंगडणं झाकलं होतं त्याच बुचाने धडधाकट थोरला लंगडायला लागला. पाय उलटा होता एवढंच, पण ऐकणाऱ्या कानाला डावं-उजवं कुठलं कळायला?

"आलास?"

पडद्यामागून आईचा आवाज आला. थोरला होता तिथे थिजला.

"थांबलास का? आत ये ना."

बूट काढावेत, असं त्याच्या मनात आलं. आवाज द्यावा, "आई, मी आहे, थोरला," असंही आलं. पण त्या आवाजात अकरा वर्षांत कधी ऐकला नव्हता असा काहीतरी ओलावा होता, आणि तो मोडायची त्याची छाती झाली नाही. तो तसाच लंगडत पडद्याआड गेला. आई खाटेवर उठून बसली होती, केस सारखे करत होती. तो जमिनीवर, तिच्या पायांशी बसला. तिचा हात चाचपडत खाली आला, बुटाच्या नाडीवरून फिरला आणि घोट्यापाशी थांबला.

"दादाने करून दिलेले ना हे? अजून चालतायत," ती म्हणाली. "बूच दबलं वाटतं, पाऊल पुन्हा वाजतंय. टाच दुखत नाही ना?"

त्याने नुसती मान हलवली. मान हलवलेली तिला दिसणार नव्हती, हेही त्याला सुचलं नाही. आई खाली वाकली आणि पडद्याकडे पाठ करून, दुकानात ऐकू जाऊ नये अशा बेताने कुजबुजली.

"थोरल्याला सांगू नकोस हं, मी रोज वाट बघत होते म्हणून. त्याला वाटतं मी विसरले. तसं वाटतं म्हणून तर बिचारा दोन घास धड जेवतो."

थोरल्याने मोठ्या कष्टाने आवाज धाकट्यासारखा बारीक केला.

"नाही सांगत," तो म्हणाला.