स्टोअरकाकांची टीम

स्टोअरकाकांना इंग्रजी बेताचंच येत असे, पण इंग्लंडमधला एखादा फुटबॉल संघ हरलाय हे त्यांना आकडा ऐकण्याआधी कळायचं. दर शनिवारी रात्री रेडिओवर एक निवेदक तिथल्या सगळ्या सामन्यांचे निकाल एका दमात वाचायचा. आधी एका संघाचं नाव आणि त्याचे गोल, मग दुसऱ्याचं नाव आणि त्याचे गोल. दुसरं नाव घेताना त्याचा आवाज चढला की तो संघ जिंकलेला, पडला की हरलेला. काका डोळे मिटून ट्रान्झिस्टर कानाला लावायचे आणि नावापाशीच म्हणायचे, "गेली. खलास." मग आकडा यायचा आणि टीम खरंच गेलेली असायची.

टीम तशी काकांची नव्हती, साहेबांची होती. काका शारजातल्या एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होते, म्हणून अल नहदातल्या आमच्या बिल्डिंगमधली सगळी मुलं त्यांना स्टोअरकाका म्हणायची. त्यांच्या साइटवरचा इंग्रज मॅनेजर उत्तर इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांच्या एका गावचा होता. काका इचलकरंजीचे. "म्हणजे त्यांची इचलकरंजीच की," काका म्हणायचे. निवृत्त होऊन परत जाताना साहेबांनी आपला रेडिओ काकांना दिला आणि सांगितलं, माझ्या टीमवर लक्ष ठेव. दुसरा कुणी हसून विसरून गेला असता. काकांनी ती टीम स्टोअरमधल्या मालासारखी ताब्यात घेतली. एका वहीत ते निकाल लिहून ठेवत. केलेले गोल 'आवक', स्वतःवर झालेले गोल 'जावक'. "जावक फार झालीय यंदा," ते काळजीने म्हणायचे. "गोदाम रिकामं होणार बघ."

ती टीम चार विभागांपैकी सगळ्यात खालच्या विभागात खेळायची, आणि त्या वर्षी त्यातही तळाला होती. सीझन संपताना जो तळाला राहील तो लीगबाहेर, असा नियम. लीगबाहेर गेलेल्या संघांचे निकाल आमच्याकडे ऐकू येणाऱ्या बातमीपत्रात वाचत नसत. टीम हरली तरी काकांना चालायचं. तिचं नाव रेडिओवर येणार नाही, हे चालणार नव्हतं.

मी या सगळ्यात आले ती इंग्लिश मीडियममुळे. आमच्या बिल्डिंगमध्ये मोठ्या माणसांचं इंग्रजी अडलं की ते जवळच्या घरातलं शाळकरी मूल बोलावत. बँकेचे फॉर्म, घरमालकाची नोटीस, व्हिसासाठीचे अर्ज आम्ही मुलं लिहून द्यायचो आणि खाली सही मोठी माणसं करायची. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. मी तर विशेष सोयीची होते, कारण मी फारशी बोलत नसे. "ही पोरगी बरी," काका आईला म्हणाले होते, "लिहिती, पण कुठं बोलत न्हाई." त्यांनी माझं नाव 'मुन्शी' ठेवलं. शनिवारी ते आमच्या दारावर दोनदा टिचकी मारायचे. "यल्ला मुन्शी, टाइम झाला." यल्ला म्हणजे अरबीतलं 'चल'. मी "ओके काका" म्हणून त्यांच्यामागे जिना चढायचे.

त्यांच्या घरात सोफ्यावर नेहमी काकूंच्या वाळलेल्या कपड्यांचा ढीग असायचा, त्यामुळे मी जमिनीवर बसून आकडे टिपून घ्यायचे. काका खुर्चीत. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नसे. "गुडघे साइटवर ठेवून आलोय," म्हणायचे. एसी चालू असला की रेडिओत घरघर यायची, म्हणून निकालाच्या वेळी एसी बंद. ऑक्टोबरातसुद्धा.

"ते तिकडं थंडीत खेळणार आणि आम्ही हितं शिजणार," काकू कपड्यांच्या घड्या घालत म्हणायच्या.

"अगं, तिकडं त्यांना बघायला येणारी माणसंबी भिजतातच की पावसात," काका म्हणायचे. "प्रेक्षक हाय म्हटल्यावर सोसायलाच पाहिजे."

मी नववीत होते त्या वर्षी साहेब गेल्याचं पत्र आलं. काकांनी दोन दिवस रजा घेतली. मग मला बोलावून म्हणाले, क्लबला कळवायला पाहिजे. मी पत्र लिहिलं: तुमचा एक जुना प्रेक्षक वारला आहे, आणि त्याच्या जागी शारजात बसून मी लक्ष ठेवून आहे. काकांनी दोनदा वाचून घेतलं आणि खाली सावकाश सही केली. ते पत्र त्यांचं होतं. त्याबद्दल माझं आजही काही म्हणणं नाही.

दोन आठवड्यांनी ते म्हणाले, "मुन्शी, आणखी लिही. आता तुझ्या मनानं लिही. साहेबांच्या मागं कुणीतरी लिहायला पाहिजे."

'तुझ्या मनानं' असं मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं. वर्गात उत्तर येत असूनही मी हात वर करत नसे. आणि आता हे मोठे गृहस्थ मला परदेशी लिहायला सांगत होते, मनातलं. मी सामन्यांबद्दल लिहिलं नाही, सामना मी कधी पाहिलाच नव्हता. 'माझे शेजारी' असं म्हणून मी काकांबद्दल लिहिलं: ते आवाजावरून निकाल कसा ओळखतात, एसी कसा बंद होतो, गोलांची आवक-जावक. दर पंधरा दिवसांनी एक पान. खाली माझं नाव. काका ते घडी घालून खिशात ठेवायचे आणि ऑफिसातून पोस्टात टाकतो म्हणायचे.

"काका, एनी रिप्लाय?" मी विचारायचे.

"न्हाई गं. त्यांना कुठला वेळ. पण तू थांबू नको."

डिसेंबरात शाळेच्या वार्षिक अंकासाठी टीचरने लिखाण मागितलं. मी मनाशी ठरवलं होतं, क्लबचं उत्तर आलं तर त्यातलंच एक पान द्यायचं. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारलं. काका रेडिओची एरिअल सारखी करत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "न्हाई आलं." मी त्याचा एकच अर्थ घेतला: मला लिहिता येत नाही. शाळेच्या अंकासाठी काढलेली प्रत मी फाडली आणि तारीख जाऊ दिली.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी आईने त्यांच्याकडे डबा द्यायला पाठवलं. काका बाहेर गेले होते. काकू खुशीत होत्या. "बस की. काकांचं नाव विलायतेच्या पुस्तकात आलंय, ते तुला दाखवलं का न्हाई?" त्यांनी कपाटातल्या साड्यांखालून पातळ, गुळगुळीत पुस्तिका काढल्या. सामन्याच्या दिवशी क्लब मैदानावर विकतो, त्या. पाच होत्या. काकूंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी फक्त काकांच्या नावावर बोट ठेवलं. "मला म्हणाले, कुणाला दाखवू नको, दृष्ट लागंल. पण तू काय परकी हाईस?"

प्रत्येक पुस्तिकेत एक पान होतं, 'शारजाहून पत्र'. वर काकांचा फोटो. मजकूर माझा. मात्र 'माझे शेजारी' प्रत्येक ठिकाणी 'मी' झाले होते. हे त्यांना एकट्याला जमणारं नव्हतं. ऑफिसातल्या टायपिस्टला शेजारी बसवून करून घेतलं असणार. जमिनीवर बसलेली मुलगी कुठेच नव्हती. फक्त एका ठिकाणी माझा 'मी' तसाच राहिला होता: 'सोफ्यावर कपडे असतात म्हणून मी जमिनीवर बसून लिहिते.' ते वाक्य मी कितीतरी वेळ वाचत राहिले. सगळ्यात जुनी पुस्तिका नोव्हेंबरातली होती. म्हणजे डिसेंबरात मी विचारलं तेव्हा निदान एक तरी त्या साड्यांखाली होती.

"छान आलाय ना फोटो?" काकू म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं आणि रिकामा डबा घेऊन खाली आले.

शनिवारी दारावर टिचकी पडली तेव्हा मी उठले नाही. आईने दार उघडलं. काकूंकडून त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी यल्ला म्हटलं नाही.

"मुन्शी, रागावलीस व्हय?"

मी पुस्तकातून मान वर केली नाही.

"अगं, तुझं वय काय? एवढ्याशा पोरीचं तिकडं कोण छापणार? माझं नाव घातलं म्हणून छापलं. आणि साहेब माझेच होते ना?"

"यू सेड देअर वॉज नो रिप्लाय," मी म्हटलं. मोठ्या माणसाला उलट बोलण्याची ती माझी पहिलीच वेळ होती, आणि तीही मराठीत जमली नाही.

"सांगणार होतो. सीझन संपला की सांगणार होतो," ते म्हणाले. मग जरा हसून, "ते सोड. चल, टाइम झालाय."

मी गेले नाही. ते जिना चढल्यावर आईने दार लावलं. "केवढं मनाला लावून घेतेस? मोठी माणसं आहेत. बाबांच्या व्हिसाच्या वेळी किती धावपळ केली त्यांनी. आणि आपण सगळ्यांचे फॉर्म लिहितो, त्यावर तुझं नाव असतं का?" आईला खरंच फरक दिसत नव्हता. मला वाटतं, काकांनाही आधी दिसला नसेल. पण त्यांनी त्या पुस्तिका साड्यांखाली ठेवल्या होत्या. म्हणजे पुढे केव्हातरी दिसला होता.

मार्चमध्ये मी क्लबला पत्र लिहिलं. पाच ओळींचं. ती पानं कुणी लिहिली, मूळ शब्द काय होते, माझं नाव काय. पाकिटावर पत्ता घातला आणि ते दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवून दिलं. रोज शाळेत नेत होते आणि परत आणत होते.

मे महिन्यात सीझनचा शेवटचा शनिवार आला. बरोबरी झाली असती तरी टीम वाचणार होती. त्या रात्री काका रेडिओ घेऊन स्वतःच आमच्याकडे आले. आईने चहा ठेवला, न सांगता एसी बंद केला. काका आमच्या डायनिंग टेबलाशी बसले. मी समोर, गणिताची वही उघडून. निवेदक खालच्या विभागापर्यंत आला. नाव आलं, आवाज पडला. दोन-शून्य, मी नकळत वहीच्या कडेला लिहिलं.

"आता पुढच्या वर्षी हा बाबा आपलं नाव घेणार न्हाई," काका म्हणाले. चहा तसाच होता. मग हळूच, आई आत गेलेली बघून, "आता ते पुस्तकच राहिलं गं. टीमचं सगळं त्यात येतंय. तू लिहीत राहिलीस तर ते पाठवत राहतील. तुझं नाव घालतो. आईशप्पथ घालतो."

त्या क्षणी ते खरं बोलत होते, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं नाही. मागे एरिअल सारखी करतानाही ते याच आवाजात बोलले होते.

"आय हॅव एक्झाम्स, काका," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार, पण शारजात सुट्टी शुक्रवारची असे; शाळेची बस यायच्या आधी कोपऱ्यावरच्या ग्रोसरीसमोरच्या पेटीत मी ते पाकीट टाकलं.

शारजात टपाल घरी येत नसे; ऑगस्टमध्ये बाबांच्या ऑफिसच्या पोस्टबॉक्समध्ये माझ्या नावाचं पाकीट आलं. क्लबच्या पुस्तिकेच्या संपादकाने सभ्य भाषेत दिलगिरी व्यक्त केली होती. नव्या सीझनच्या पहिल्या अंकात माझ्या नावासह खुलासा छापला होता. त्या गृहस्थांशी आम्ही यापुढे पत्रव्यवहार ठेवणार नाही, तुम्ही मात्र जरूर लिहा, असं म्हटलं होतं. मी एकदा बसून पाहिलं. पहिल्या वाक्यात काका आले. ते खोडून दुसरं लिहिलं, त्यातही आले. मी उत्तर पाठवलं नाही.

काका मात्र वाट बघत राहिले. दर बुधवारी ऑफिसचा पोस्टबॉक्स उघडायचा तेव्हा ते स्टोअर सोडून तिथे उभे राहत, असं काकू सांगायच्या. जिन्यात भेटले की मला विचारायचे, "मुन्शी, पोस्टाचा संप बिंप हाय का गं तिकडं?" मी खांदे उडवायचे. माझं एक वाक्य पुरलं असतं. रागाचं असतं तरी चाललं असतं. ते मी बोलले नाही, आणि त्यात मला थोडं बरंही वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. शनिवारी मात्र वरच्या मजल्यावरून निवेदकाचा आवाज यायचा. आपलं नाव त्यात नाही हे माहीत असून काका पूर्ण यादी ऐकायचे.

पुढच्या वर्षी कंपनीचं काम संपलं आणि काकांचा व्हिसा रद्द झाला. निघायच्या दिवशी ते मजल्यामजल्यावर सगळ्यांचा निरोप घेत आले. आमच्या दारात थांबले. काकू आईच्या गळ्यात पडून रडत होत्या. काका माझ्याकडे वळले, जणू इतका वेळ मनात घोळत असलेलं एकच सांगायचं होतं.

"विसरले गं आपल्याला ते लोक."

आपल्याला म्हणाले. 'मला' नाही, 'आपल्याला'.

"हो, काका," मी म्हटलं.

आई म्हणाली, पाया पड. मी वाकले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लिफ्ट येईपर्यंत काढला नाही.