वरूडला गेलेली खिडकी

अकोल्यातला आमचा रस्ता रुंद झाला, तेव्हा घराची पुढची भिंत पाडावी लागली. ते काम जुना माल विकणाऱ्या एका माणसानं घेतलं होतं. दुसरा कुणी घण घालून मोकळा झाला असता. हा मात्र एकेक वीट सुटी करायचा, सिमेंट खरवडायचा, दोन विटा एकमेकींवर वाजवायचा आणि आवाज आवडला की हसायचा.

आई पुढच्या खिडकीत रोजच्यासारखी बसलेली. उठेचना. मी आवाज चढवला, तर तोच म्हणाला, "काहून रागावता भाऊ? बसू द्या मायले. मी तिकडून काढून राहिलो."

संध्याकाळी खिडकीपुरतीच भिंत उरली. तो आईसमोर उकिडवा बसला.

"माय, हे खिडकी वरूडले एका घरी चालली. थ्या घरातबी एक म्हतारी हाये. तिले बसाले पायजे ना?"

त्या माणसाचं नावही मला माहीत नाही, पण त्याचे उपकार मी विसरणार नाही. कारण आई आपणहून उठली. पदरानं तिनं खिडकीचे गज पुसले आणि त्याला म्हणाली, "कडी जरा उचलून लावा लागते. सांगजो बापा तिले."