घरी जाऊन विचारणे

कुरखेड्याच्या त्या कचेरीत मी एकाच दुपारी गेलो आणि तिथल्या ऑपरेटरचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पन्नाशीचे गृहस्थ. पूर्वी वडलांच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करायचे. अजूनही एंटर दाबण्याआधी कीबोर्डवर हलकी फुंकर मारत होते, जणू आत बारीक चक्रं उघडी पडली आहेत.

मोहफुलं वेचणाऱ्यांची तालुक्याची यादी करण्यासाठी नोंदी तिथे एक्सएमएल नावाच्या संगणकी फायलींत यायच्या, दर गावाची एक फाईल. एक नोंद जरी चुकली तरी अख्खी फाईल नाकारायची, असं सेटिंग मी प्रोग्राममध्ये करून दिलं होतं. यांनी ते परस्पर बदललं. चुकीची नोंद बाजूला, बाकीचं गाव यादीत. मी गडचिरोलीहून चिडूनच आलो होतो.

"कुणाला विचारून बदललंत?"

त्यांनी शांतपणे चष्मा पुसला. "साहेब, एका घरचं चुकलं म्हणून पुऱ्या गावाले काऊन वापस पाठवाचं जी?"

"आणि ज्यांचं चुकलं, त्यांचं काय?"

त्यांनी बाजूला काढलेल्या नोंदींची फाईल दाखवली. मी तिला 'एरर' म्हटलं असतं. त्यांनी नाव दिलं होतं, 'घरी जाऊन विचारणे'. उघडली, तर रिकामी.

"यात तर काहीच नाही."

"नाई जी. कालच शेवटच्या घरी जाऊन आलो."

गडचिरोलीला परतल्यावर मी बाकीच्या तालुक्यांचं सेटिंगही तसंच केलं. एंटर दाबण्याआधी कीबोर्डवर फुंकर मारली.