एकाच वहीतल्या दोन पदव्या

पंचेचाळिसाव्या वर्षी मी एकदम दोन पदव्यांना नाव घातलं. एक समाजकार्याची, एमएसडब्ल्यू, शनिवार-रविवारच्या वर्गांची. दुसरी मनुष्यबळ व्यवस्थापनातली एमबीए, घरी बसून करायची. कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका यार्डात मी तेव्हा टाइम ऑफिसला होतो. हजेरी, रजा, पाळ्या, एवढंच माझं काम, आणि त्यात वीस वर्षं गेली होती. यार्डात कामगार कल्याण अधिकाऱ्याची जागा निघणार होती आणि तिला एमएसडब्ल्यू लागते, हे मॅनेजरसाहेबांनीच मला सांगितलं. वर म्हणाले, "पण एमबीएपण करून टाक. एमएसडब्ल्यूने तू कामगारांचा होशील, एमबीएने आमचा. मला दोन्हीकडचा माणूस हवाय."

मला ते कौतुक वाटलं. घरी करंजाड्याला येऊन बायकोला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "घरात एकटाच डबल मास्टर, आणि गिरणीतून दळण आणायला कोणी नाही." यार्डात तर महिनाभर चेष्टा चालली. हायड्रा क्रेनचा ऑपरेटर, विचुंब्याचा आगरी, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठा, मला बघितलं की खालच्या खलाशाला ओरडून सांगायचा, "अरे सरक बाजूला, भाऊ आला. दोन डिग्र्या हायेत, एक भिजली तर दुसरी घालील!"

खलाशी म्हणजे क्रेनच्या खाली उभा राहून मालाला साखळी बांधणारा आणि हाताने खुणा करणारा माणूस. आमचा खलाशी बीडकडचा होता. हा वर, तो खाली, असं त्यांचं अकरा वर्षं चाललं होतं. टनाटनाची लोखंडी कॉइल तो ऑपरेटर अशी टेकवायचा की खालच्या फळीचा आवाज यायचा नाही. खलाशी नुसती बोटं हलवायचा. आम्ही ऑफिसातून खिडकीत उभे राहून बघायचो.

एमएसडब्ल्यूच्या प्रबंधाला मी विषय घेतला होता, कामगार आजार का लपवतात. एमबीएच्या प्रोजेक्टचा विषय होता, कामगारांची गैरहजेरी आणि कार्यक्षमता. दोन्हीसाठी माणसांशी बोलायला हवं होतं. नोकरी सांभाळून दोनदा मुलाखती घ्यायला वेळ कुठला? मी बारा जणांशी एकदाच बोललो. दोनशे पानी वही, तिच्यातच सगळं. एका वहीवर दोन पदव्या निघतील, हे सुचलं तेव्हा मी स्वतःवर खूष झालो होतो. तेव्हा माझ्या डोक्यात हे आलंच नाही, की माणसं माझ्याशी बोलत होती ती एका कामासाठी, आणि दुसऱ्या कामाचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

प्रत्येकाकडून मी संमतीपत्रावर सही घेत होतो. त्यात एक ओळ होती: आपण दिलेली माहिती गुप्त ठेवली जाईल व केवळ अभ्यासासाठी वापरली जाईल.

ऑपरेटरची मुलाखत जेवणाच्या सुट्टीत झाली, हायड्राच्याच सावलीला बसून. आधी तो उडवाउडवी करत होता. मग डबा बंद केला आणि उजव्या पायातला बूट काढला. साखर आठ वर्षांपासून होती. आता पाऊल बधिर झालं होतं. मागच्या महिन्यात तळव्यात खिळा घुसला, तो घरी जाईपर्यंत त्याला पत्ताच नव्हता.

"बायकोनं लादीवर रगत बगितलं, तवा समजला," तो म्हणाला. "पाय पॅडलवर हाय का नाय, मना कलत नाय, भाऊ. खाली बगायला लागतं. नाय तर हा सांगतो."

हा, म्हणजे खलाशी. त्याला माहीत होतं. ब्रेकवरचा पाय चुकला असं दिसलं की तो पंजा उलटा करून खूण करायचा. त्या दोघांची ती वेगळी खूण होती, आम्हा कोणालाच कधी समजली नव्हती.

"ह्ये कोनाला सांगनार नाय ना?" त्याने विचारलं. मी कागदावरच्या त्या ओळीवर बोट ठेवून ती वाचून दाखवली. त्याने सही केली.

गुप्ततेला मर्यादा असते, हे मला शिकवलं गेलं होतं. कोणाच्या जिवाला धोका असेल तर गप्प बसायचं नाही. पण आधी त्या माणसाजवळ बसायचं, त्याला विश्वासात घ्यायचं, त्याच्यासोबत वाट काढायची, आणि सांगायचं झालं तर त्याला माहीत असताना सांगायचं. परीक्षेत या प्रश्नाचं उत्तर मी चांगलं लिहिलं होतं. समोर तो प्रश्न बूट काढून बसला, तेव्हा मी काहीच केलं नाही. वहीत लिहून घेतलं आणि हात धुवायला गेलो.

प्रबंधाचा पहिला मसुदा मी शुद्ध भाषेत लिहिला होता. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी ऑपरेटरच्या वाक्याभोवती लाल गोल काढला आणि विचारलं, "तो असं बोलला? 'पायाची संवेदना जाणवत नाही'?" मी नाही म्हणालो. "मग त्याचं बोलणं तुमच्या साबणाने धुऊ नका. नाव काढा, शब्द त्याचे ठेवा." मला ते पटलं. नावाच्या जागी 'क्रमांक सात' लिहिलं आणि वाक्य होतं तसं ठेवलं: मना कलत नाय.

एमबीएचं प्रोजेक्ट द्यायचे दिवस जवळ आले तेव्हा वहीतून भराभर उतरवत गेलो. 'सुरक्षिततेची जोखीम' असा एक भाग केला आणि त्यात क्रमांक सातचं तेच वाक्य घातलं. घाईत राहिलं, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. ते वाक्य मला आवडलं होतं. त्याने प्रोजेक्टात जान येत होती, म्हणून घातलं.

त्या प्रोजेक्टवर कंपनीतल्या वरिष्ठाची सही लागते. मॅनेजरसाहेब केबिनमध्ये पानं उलटत होते. एका पानावर थांबले आणि हसले.

"क्रमांक सात कोण ते लपवलंस. छान. पण आपल्या चार हायड्रावाल्यांत एक बीडचा, दोन बिहारचे. 'मना' म्हणणारे किती आहेत यार?"

मी म्हणालो, "साहेब, हे गुप्त आहे. फक्त अभ्यासासाठी."

"मग माझी सही कशाला मागतोस?"

त्यांनी सही केली. वाईट माणूस नव्हते ते. म्हणाले, "उद्या कॉइल कोणाच्या अंगावर पडली तर तू येशील का पोलिसांत?" तेही खोटं नव्हतं. म्हणून मला हा हिशेब सोडवता येत नाही. त्या माणसाने क्रेन चालवायला नको होती, हे खरंच होतं. पण ते त्याला सांगायची हिंमत मी केली नाही, आणि सांगितलं ते अशा ठिकाणी, जिथे त्यातून मला पदवी मिळणार होती.

पुढच्या आठवड्यात सगळ्यांची वैद्यकीय तपासणी निघाली. सगळ्यांची, म्हणजे कोणाला संशय येऊ नये. हायड्रावरून उतरवलं मात्र त्याला एकट्याला. गेटवर बसवून गाड्यांचे नंबर लिहायला दिले. दोन महिने त्याने ते केलं. लिहिता लिहिता मान वर करून यार्डात बघत राहायचा. नवा ऑपरेटर कॉइल टेकवताना आवाज झाला की डोळे मिटून घ्यायचा. मग येईनासा झाला. त्याच्या नावापुढे शेवटची गैरहजेरी मीच मांडली.

मी दोन्हीकडे पास झालो. प्रबंधाला चांगला शेरा मिळाला, आणि जागाही मिळाली. आज मी त्याच जागेवर आहे, हेही इथे लिहून ठेवतो.

हायड्रावरून उतरवल्याला सहा-सात महिने झाले तेव्हा ऑपरेटर यार्डात आला, मुलाच्या लग्नाच्या पत्रिका घेऊन. लंगडत होता, पण कपडे कडक इस्त्रीचे. "हलदीला यायचं, सायेब. लग्नाला नाय आलात तरी चालंल, हलद चुकवायची नाय." मी 'भाऊ'चा 'सायेब' झालो होतो. विचुंब्याकडच्या गावांत लग्नापेक्षा हळद मोठी. जो हळदीला बोलावला तो घरचा.

खिडकीतून खलाशी दिसत होता. मी सहज म्हणालो, "तो बघा, तिकडे आहे तुमचा जोडीदार. द्या त्याला पत्रिका."

त्याचा चेहरा उतरला. "त्याला नाय."

"का?"

"मॅनेजरला त्यानंच सांगितलं. माज्या पायाचं दोगांनाच माहीत. तुमी आनि तो. तुमी तर कागदावर लिवून दिल्यालं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमी शिकल्याला मानूस."

मी तिथेच बोलायला हवं होतं. पाणी पिता का, असं विचारलं.

चौथ्या दिवशी बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. म्हणाली, "गेलेली नोकरी तुमच्याच्याने परत येणार नाही. पण त्याचा दोस्त तुमच्या तोंडात अडकलाय. तो तरी बाहेर काढा."

पाचव्या दिवशी सकाळी मी विचुंब्याला गेलो. त्याच्या दारात मांडवाचे खांब उभे राहत होते. मी प्रोजेक्टची प्रत सोबत नेली होती. ओट्याच्या कडेला बसून ते पान उघडलं आणि वाचून दाखवलं. पहिल्यांदा त्याला समजलंच नाही. "वाचा परत," तो म्हणाला. मी परत वाचलं.

"ह्ये मीच बोललेलो."

"हो."

"आनि ह्ये तुमी मॅनेजरला दिलं."

"हो. सही हवी होती म्हणून."

खांब रोवणारा एक जण काहीतरी विचारायला आला. त्याला त्याने हाताने थांबवलं. शिव्या देईल म्हणून मी वाट बघत होतो. त्याने पान माझ्या हातातून घेतलं आणि त्या वाक्यावरून बोट फिरवलं, जसं मी संमतीपत्रावरच्या ओळीवर ठेवलं होतं.

"सात महिने मी त्याच्याशी बोललो नाय," तो म्हणाला. "बाजारात समोर आला तर थुकलो. जल्लं माजं तोंड." मग उठून आत गेला आणि एक पत्रिका आणली. तिच्यावर खलाशाचं नाव स्वतः लिहिलं, वाकडंतिकडं. "ही त्याला द्यायची. का दिली नव्हती, तेपन तुमीच सांगायचं. समदं."

"सांगतो."

"आनि तुमी नका येव हलदीला."

मी उठलो. तो मागून म्हणाला, "शिकून काय केलंत ओ तुमी?" हे रागाने नव्हतं. त्याला खरंच विचारायचं होतं.

दुपारी यार्डात खलाशाला बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं. त्याने पत्रिकेवरचं नाव दोनदा वाचलं. "मी रोज त्या कॉइलखाली हुबा ऱ्हायचो, साहेब," तो म्हणाला. "पाय त्याचा, पण जीव माझा व्हता. मी न्हाई बोललो कुणाला. तुम्ही तर खुर्चीत व्हता." पत्रिका त्याने शर्टाच्या आत घातली आणि कामावर गेला.

हळदीच्या दुसऱ्या दिवशी खलाशी कामावर आला तेव्हा त्याच्या कानामागे आणि कॉलरवर पिवळं होतं. जाता जाता तो थांबला.

"नवा हायड्रावाला इचारत व्हता, कल्याण अधिकाऱ्याला काय काय सांगावं म्हणून."

"मग? काय सांगितलंस?"

"म्हणलं, रजेचा अर्ज दे. बाकी काय असंल ते मला सांग."