देवी नव्हती, आजार होता

वडिलांची गिरणी बंद पडली आणि आम्ही भांडुपच्या टेकडीवर राहायला आलो. वडील वॉचमन झाले, आई लोकांकडे भांडी घासायची. दोघांनी एकच हट्ट धरला, पोरगी शिकली पाहिजे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम. झाले, मुलुंडला एका ऑफिसात अकाउंट्सला लागले. हे मी मिरवते. का मिरवू नये?

म्हणून मानसोपचाराच्या ओपीडीत डॉक्टरबाई ‘डिप्रेशन’ म्हणाल्या तेव्हा मला आधी अपमानच वाटला. टाके घातलेला हात मांडीवर धरून मी म्हटलं, “मला रडू येत नाही. फोडावंसं वाटतं.”

“काय?”

“समोर येईल ते.”

आदल्या संध्याकाळी माझ्या मुलीच्या, ओवीच्या हातून दूध सांडलं. ती पहिलीत आहे. एवढ्यावरून माझ्या डोक्यात स्फोट झाला. पातेलं भिंतीवर मारलं. स्टूल आपटून मोडलं. कपाटाच्या आरशावर मूठ हाणली. केस सुटलेले, रक्त कोपरापर्यंत, आणि घशातून निघणारा आवाज माझा मलाच ओळखू येईना. ओवी कॉटखाली शिरली.

माझ्या सासूबाई मालवणकडच्या. त्यांनी देव्हाऱ्यातलं कुंकू माझ्या कपाळाला फासलं आणि समोर गुडघे टेकले. “माये, काय चुकला आमचा? सांग गो, काय व्हया तुका?”

हे पहिल्यांदा होत नव्हतं. कित्येक महिने माझा संताप चाळीत देवीचा संचार म्हणून खपत होता. शेजारच्या परबकाकूंनी एकदा नारळ ठेवून विचारलं, पोराला नोकरी कधी लागेल? मी किंचाळले, “आधी त्याला अंथरुणातून उठवा!” नेमका पोरगा महिन्याभरात नोकरीला लागला. मग काय, रांगच.

आता हसू येतं. पण देवी म्हटल्यावर मला अडवणार कोण? लोक ओटी भरत राहिले, दवाखान्यात कुणी नेलं नाही. त्या दिवशी रक्त थांबेना, तेव्हा नवऱ्याने उचलून रिक्षात घातलं, आणि टाके घालणाऱ्या डॉक्टरांनीच दुसऱ्या दिवशी मानसोपचाराच्या ओपीडीत पाठवलं.

डॉक्टरांनी सांगितलं, डिप्रेशन म्हणजे मनाचा उत्साह, झोप, भूक खाऊन टाकणारा आजार. काहींचा तो रडण्यातून दिसतो, काहींचा संतापातून. त्या संतापी चिडचिडीला इरिटेबिलिटी म्हणतात.

गोळ्या सुरू झाल्या. आग खाली बसली, विझली नाही. ओवी आजीजवळ झोपायला लागली. फळीवरचा डबा काढायला मी हात वर केला तरी ती डोकं झाकायची. मी तिला कधी मारलं नव्हतं. तरीही. मला बरं व्हायचं होतं ते त्या झाकलेल्या डोक्यासाठी.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, “व्यायाम करता?”

सोबत आलेल्या सासूबाई मध्येच, “दिवसभर राबता ती. आणि व्यायाम कित्याक?”

“आजी, राबून माणूस थकतो. व्यायामाने मोकळा होतो. दम लागू दे, घाम येऊ दे, पण रोज. आणि गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत.”

चालून बघितलं. चालताना डोक्यात भांडणंच चालायची. अशीच एका सकाळी मैदानाच्या कुंपणाशी थांबले. आत बायका कबड्डी खेळत होत्या. शाळेत मी खेळायचे. त्यांना शिकवणाऱ्या वैशालीताई ओरडल्या, “काय गं, नुसती बघतेस? चपला काढ, ये!”

“मला फार राग येतो, ताई.”

“मग घरी कशाला ठेवतेस? घेऊन ये.”

पहिल्याच चढाईला तिघींनी उचलून आपटलं. तोंडात माती, गुडघा सोललेला. पुढच्या डावात मी एकीचा घोटा असा धरला की शिट्टी झाली तरी सोडेना. ताईंनी माझी बोटं एकेक करून उघडली. “शिट्टी झाली की सोडायचं. आणि पाडलंस ना, आता हात देऊन उठव.”

ती पडलेली बाई माती झटकत म्हणाली, “जबरी पकड आहे रे बाबा हिची!”

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. अंगातला सगळा जोर लावायचा, आणि मग सोडायचं. त्या रात्री मी मेल्यासारखी झोपले. हळूहळू भूक आली. ऑफिसात बिनकारण हसायला लागले. संताप अजूनही येतो. पण तो हातात पोचायच्या आधी मला कळतं, आणि सकाळी मैदान आहे हेही माहीत असतं.

तुमच्या घरात कुणाच्या अंगात येत असेल, तर ओटी भरायची तर भरा. पण डॉक्टरकडे न्या.

गेल्या रविवारी घर आवरताना मी ओवीचं पुठ्ठ्याचं घर कचऱ्यात टाकलं. ती कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर आली. “डोकं आहे का गं तुला, आई? विचारायचं तरी ना!”

सासूबाई जागीच थिजल्या. मी एक पाऊल पुढे टाकलं. ओवी मागे सरकली नाही.

“चुकलं माझं. काढून देते.”

“चुरगाळलंस पण ते!” ती पाय आपटत भांडतच राहिली, मी कचऱ्यात हात घालून शोधत राहिले.

माझी मुलगी मला घाबरत नाही. पदवीनंतर मी मिळवलेली ही दुसरी गोष्ट.