शाळेच्या दिवशी काढलेला मोर्चा

निवेदनं लिहून लिहून माझा हात आता आपोआप चालतो. 'महोदय, सविनय निवेदन आहे की' हे हिंदीतून मी झोपेतही लिहीन. रायपूरच्या शंकर नगरमधल्या, आमच्या संस्थेच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात कपाटभर पोचपावत्या आहेत. प्रत्येक मुलाला घराजवळ, फुकट आणि चांगलं शिक्षण मिळावं, एवढीच मागणी. ती मागता मागता माझे गुडघे गेले.

गुढियारी वस्तीतली एक सरकारी प्राथमिक शाळा रेल्वेच्या पटरीपलीकडच्या शाळेत विलीन होणार, असं कानावर आलं. कारण नेहमीचंच, मुलं कमी. तिथे तिसरीत एक मुलगी होती. तिची आई मूळची भंडाऱ्याकडची, धान्याच्या गोदामात झाडलोट करायची. पालकांच्या बैठकीत ती फक्त एकदाच बोलली.

"मी पोट्टीले पटरीपार नाही धाडत, ताई. शाळा गेली त थे घरीच राहीन."

ते वाक्य मी निवेदनात जसंच्या तसं घातलं. पण नुसत्या कागदाकडे साहेब मान वर करून बघत नाहीत, हे इतक्या वर्षांत शिकले होते. म्हणून आमची ठरलेली पद्धत होती : मंत्रालयावर आया न्यायच्या, मुलं न्यायची, हातात फलक द्यायचे. गाडी मंगळवारी मिळत होती, म्हणून मंगळवार ठरला. शाळेच्या बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "दीदी, उस दिन तो स्कूल है." एका दिवसानं काय बिघडतंय, असं मी त्यांना झटकून टाकलं. ऐकून घ्यायची सवय मला फारशी नाहीच.

गाडीत चढताना ती मुलगी अडली. वर्षभरात तिचा एकही दिवस चुकला नव्हता. "दीदी, मेरी हाजिरी कैसे लगेगी?"

"तू शाळेच्याच कामाला चालली आहेस ना, मग लागेल," मी म्हटलं आणि तिला आत ढकललं.

नवा रायपूरच्या त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर मुलं खिडकीला नाक लावून बसली होती. मंत्रालयाच्या फाटकाबाहेर दोन तास उन्हात उभं राहिलो, मुर्रा म्हणजे चुरमुरे खाल्ले, घोषणा दिल्या. शेवटी एक अधिकारी बाहेर आले, निवेदन घेतलं आणि हसून मुलांची नावंही विचारली. पोचपावतीवर तारखेचा शिक्का बसला. परतताना मी खुशीत होते.

महिन्याभरात विलीनीकरणाचा आदेश आला. तपासणीच्या दिवशी शाळेत फक्त चार मुलं हजर होती, असं त्यात लिहिलं होतं. तारीख पाहिली. तोच मंगळवार.

पोचपावती घेऊन मी विभागाच्या कार्यालयात भांडायला गेले. बाबूनं ती शांतपणे वाचली. "मैडम, स्कूल टाइम में बच्चों को आप ले गई थीं?" आवाजात कुचकेपणा नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मुलांना वर्गातून काढून मी वर्ग वाचवायला निघाले होते. पुनर्विचारासाठी अर्ज दिला, त्याचीही पावती मिळाली.

त्या मुलीच्या आईला सांगायला मीच गेले. दुसऱ्या कोणाला पाठवायची लाज वाटली. ती दारात तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"तुमी त शिकलेल्या हा, ताई. काहून नेलं तिले शाळेच्या दिवशी?"

मी पिशवीतून अर्जाची पावती काढली आणि तशीच परत आत ठेवली.

मुलगी आत धाकट्या भावाला भरवत होती. शाळेचा निळा फ्रॉक तिनं घरीच घातला होता. मला पाहून ती उठून बाहेर आली.

"दीदी, उस दिन की मेरी हाजिरी लगी थी न?"

हजेरीपटात तिच्या नावापुढचा गैरहजेरीचा शेरा मी स्वतः पाहिला होता.

"हव, लागली होती," मी म्हटलं. ती समाधानानं परत भावाजवळ जाऊन बसली.