गंगूबाईच्या शिऱ्याची चौकशी

राजलक्ष्मी कोठारे राहायच्या गिरगावात आणि नोकरी करायच्या लालबागला. म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात त्या आरोग्यसेविका होत्या; पण एवढा लांबलचक शब्द तिथल्या चाळीत कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून सगळे त्यांना नर्सबाई म्हणत. पांढरं पातळ, हातात छत्री आणि आवाज असा की बाळंतिणीची सासूसुद्धा गप्प बसावी. बाहेर खायचं मात्र नाही. पाठारे प्रभूंच्या घरचा तो जुना ताठा. बायका चहा पुढे करत, त्या ‘आत्ताच झाला’ म्हणत. ते खोटं सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाला त्याचा राग नव्हता.

छप्पन सालचा मे महिना. संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात गेलेली गल्लीतली पोरं सुटून आली, तेव्हा गल्लीने सार्वजनिक सत्यनारायण घातला. खांद्यावर लाल बावटा आणि चौरंगावर सत्यनारायण, लालबागला यात काही वावगं वाटत नसे. काय दिवस होते ते! पोटात भाकरी अर्धी असली तरी घोषणा पूर्ण असायची. कुणी केळीचे खांब आणले, कुणी कंदील लावले. दगडू गवळ्याने ‘पोरं सुटली, आता दुधाचे पैसे कसले’ म्हणत आपल्या गाईचं दूध दिलं. शिरा अर्थातच गंगूबाईचा.

गंगूबाई मालवणकडची विधवा. तळमजल्यावरच्या एका खोलीत तिची खानावळ होती, गिरणीतले एकटे गडी तिच्याकडे जेवत. सुटून आलेल्या पोरांतला दत्ताराम तुरुंगात होता तेव्हा त्याच्या म्हाताऱ्या आईला रोज दोन वेळचं ताट तिनेच पोचवलं. त्याबद्दल ती बोलली नाही, कुणी विचारलंही नाही.

भाषणं लांबली. सकाळी मांडलेली पूजा दिवेलागणीला उरकली. दवाखान्यातून घरी जाताना नर्सबाईही दर्शन घेऊन गेल्या. दुसऱ्या रात्रीपासून गल्लीत ताप आणि जुलाब सुरू झाले. चार दिवसांत घरटी कुणी ना कुणी आडवं. दत्तारामची आई तर इस्पितळात, शुद्ध जेमतेम. दत्तारामचं डोकं फिरलं. भर गल्लीत तो म्हणाला, “गंगूबायच्या शिऱ्यानं माझी आई मारली.” आई मेली नव्हती, पण बोलणं सुटलं ते सुटलंच. दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांनी चौकशी होईपर्यंत खानावळ बंद ठेवायला सांगितलं आणि चौकशीला धाडलं नर्सबाईंना.

त्या दारोदार फिरल्या. “पूजेला काय खाल्लंत?” शिरा. “आणखी?” चहा. “आणखी काही?” काही नाही. जो तो शिऱ्याचंच नाव घेई. गंगूबाई चुलीपाशी पदरात हात गुंडाळून बसलेली. “बाई, रवा मी स्वतः निवडलाय,” एवढंच ती म्हणाली. हातातलं काम गेलेली बाई किती म्हातारी दिसते, हे राजलक्ष्मीबाईंना त्या दिवशी कळलं.

त्यांच्याही अंगात कसर होती, पोट बिघडलं होतं. आजाऱ्यांत वावरून आपल्याला लागलं असेल, असं म्हणून त्यांनी ते अंगावर काढलं.

पुढच्या सोमवारी त्यांचा उपास. सासूबाईंनी देवघरातून पळी पुढे केली. “घे. उपास असला तरी तीर्थ चालतं.” बाईंनी तीर्थ घेतलं, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि तो तिथेच थांबला. पूजासुद्धा सोमवारीच होती. उपास म्हणून शिरा त्यांनी कागदात बांधून घरी आणला होता आणि मुलांनी तो रात्रीच फस्त केला होता. मुलं ठणठणीत. शिरा न खाता आजारी पडल्या त्या एकट्या. त्यांनी घेतलं होतं ते फक्त तीर्थ. पंचामृताचं तीर्थ!

देवाला तापवलेलं दूध चालत नाही. सकाळचं निरसं दूध मे महिन्याच्या उकाड्यात संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं होतं. घरात दूध तीनदा तापवणारी गल्ली तीर्थ मात्र डोळे मिटून प्यायली आणि विचारल्यावर एकालाही ते आठवलं नाही. कसं आठवेल? तीर्थ का कुणी खाल्ल्या-प्यायल्यात धरतं! त्यांनी स्वतःही धरलं नव्हतं. बाईंना स्वतःचीच लाज वाटली.

त्या पुन्हा दारोदार गेल्या. रात्रपाळीहून उशिरा आलेल्यांना तीर्थ मिळालंच नव्हतं. त्यांनी दुप्पट शिरा हाणला होता आणि ते धडधाकट होते. गुरांच्या डॉक्टरांनी दगडूच्या गाईची तपासणी केली. गाय नुकतीच व्यालेली, तिलाही हगवण. आजाऱ्यांच्या पोटात सापडले तेच जंतू तिच्यातही निघाले. दगडू रडला. दत्तारामची आई मात्र, देवाच्या कृपेने म्हणा किंवा औषधाच्या, उठून बसली.

आता कामगारांना सांगायचं कसं? तीर्थाने आजार झाला, हे ऐकायला कुणी तयार होईना. “नर्सबाई, देवाला बोल लावू नका,” म्हातारे म्हणाले. त्यापेक्षा शिऱ्याला लावलेला बोल त्यांना सोयीचा होता. खानावळ उघडायची परवानगी आली, तरी गंगूबाईच्या दारात एक चप्पल दिसेना.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, पाळी सुटायच्या वेळेला, राजलक्ष्मीबाई तिच्या दारात उभ्या राहिल्या. चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, छत्री कोपऱ्यात ठेवली आणि पाटावर बसल्या.

“वाढ गं,” त्या म्हणाल्या.

गंगूबाई घाबरली. “बाई, कुणासाठी रांधलंच नाय. माझ्यापुरतं हाय.”

“तेच वाढ.”

दाराबाहेर माणसं जमली. बाईंनी भात कालवला, वाटाण्याची उसळ घेतली, मिरचीने डोळ्यांत पाणी आलं तरी ताटात शीत ठेवलं नाही. मग बाहेर बघून त्या म्हणाल्या, “देवाचं काही चुकलं नाही. दूध तापवलं नाही ते आपण. आणि हिच्या हातचं मी जेवले. आता ज्याला जे म्हणायचं ते म्हणा.”

जरा वेळाने दत्ताराम मान खाली घालून आत आला आणि बाजूच्या पाटावर बसला.

“गंगूबाय, माका पण वाढ.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. किती राग धरायचा, हे बहुतेक तिचं तिलाच ठरेना. मग रिकामं पातेलं त्याच्यापुढे वाकडं करून दाखवत ती म्हणाली, “भात संपलो रे. सांजेक ये. बाकीच्यांका पण सांग.”

आणि लगेच सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसली.